चित्रकार एकच, चोऱ्या दोन. शिक्षा मात्र एकालाच!

२७ जानेवारी २०१९. रविवार. मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह गॅलरीत प्रदर्शन भरलंय, लोकांची ये-जा चालू आहे. एक माणूस येतो, भिंतीवरचं एक निसर्गचित्र सगळ्यांदेखत काढतो आणि हातात धरून शांतपणे चालू लागतो. कुणी हटकत नाही. बघणाऱ्यांना वाटतं, संग्रहालयाचाच कर्मचारी असेल. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी त्याला उचलला. चित्र एका बांधकामाच्या जागेवर लपवलेलं सापडलं. खटला चालला, तीन वर्षांची कैद झाली. चित्राचं नाव 'आय-पेत्री. क्रिमिया'. चित्रकार अर्खिप कुइंजी.

एप्रिल २०२२. युक्रेनमधलं मारिउपोल शहर. याच कुइंजींची तीन मूळ चित्रं, 'लाल सूर्यास्त', 'शरद. क्रिमिया' आणि 'एल्ब्रुस', लपवून ठेवलेल्या जागेतून काढली जातात आणि रशियाच्या ताब्यातल्या दोनेत्स्कला नेली जातात. सोबत आयवाझोव्स्कीचं समुद्राचं एक चित्र. पोलीस नाही, पंचनामा नाही, खटला नाही. उलट रशियन वर्तमानपत्रात कौतुक, की बघा, आमच्या लोकांनी युद्धातून चित्रं कशी वाचवली!

मंडळी, चित्रकार तोच. चित्रंही त्याच जातीची, डोंगर-आकाश-उजेडाची. मग मॉस्कोतला एकटा गडी चोर आणि मारिउपोलमधले वर्दीच्या आसऱ्यानं आलेले राखणदार, हा न्याय कुठला?

हे सगळं आज लिहायचं कारण आहे. युक्रेनच्या संग्रहालयांबद्दल मी मध्यंतरी दोन ओळी टाकल्या, तर खाली आपल्याच तालुक्यातल्या शिकल्यासवरल्या माणसांनी लिहिलं, "रशियानं नेली म्हणून वाचली तरी. नाहीतर बॉम्बखाली गेली असती." एकानं तर हात जोडल्याची खूण टाकून "धन्यवाद रशिया" लिहिलं. वाद घालायचा तर नीट घालू. माहिती ठेवून घालू. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी हा कुइंजी कोण ते बघू. मारिउपोलचाच. ग्रीक वंशाच्या गरीब चांभाराचा पोर. लहानपणी हंस-बदकं राखायला होता, पुढं फोटो स्टुडिओत रिटचिंगचं काम केलं. तिथनं उठून पीटर्सबर्गला गेला आणि एवढा मोठा झाला की १८८० साली त्यानं एकच चित्र, 'नीपरवरची चांदणी रात्र', अंधाऱ्या खोलीत एका दिव्याच्या उजेडात मांडलं, तर ते बघायला लोकांची रीघ लागली. चित्रातलं चांदणं इतकं खरं, की मागं दिवा लपवलाय का असा लोकांना संशय आला. निसर्गचित्र म्हणजे कॅलेंडरवरचं झाड-डोंगर असं समजणाऱ्यांनी हे एकदा ध्यानात घ्यावं. नदीवरच्या उजेडासाठी माणसं रांगेत उभी राहिली होती.

या माणसाच्या नावाचं संग्रहालय त्याच्या गावात २०१० साली उघडलं. त्याचं मोठं काम जगभर विखुरलेलं. नीपरवरच्या लाल सूर्यास्ताचं मोठं चित्र तर थेट न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. गावाकडं राहिली होती ही तीन छोटी चित्रं. छोट्या गावाच्या हिश्शाला आलेली तीन. आपल्यासारख्या गावातल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगायला नको.

मार्च २०२२ मध्ये त्या शहराचं काय झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. वेढा. पाणी नाही, वीज नाही. १६ मार्चला, ज्या नाट्यगृहात बायकापोरांनी आसरा घेतला होता, त्यावर बॉम्ब पडला. २१ मार्चला कुइंजी संग्रहालयाच्या इमारतीवर हल्ला झाला. मूळ चित्रं आधीच दुसरीकडं लपवली होती म्हणून वाचली. पुढं शहरातल्याच दुसऱ्या एका संग्रहालयाच्या प्रमुख बाईंनी ती रशियाच्या बाजूच्या लोकांच्या हवाली केली आणि तसं रशियन वर्तमानपत्राला सांगितलंही. शहराच्या परिषदेनं सांगितलेला आकडा असा, की मारिउपोलच्या संग्रहालयांतून दोन हजारांवर वस्तू गेल्या.

आता "बॉम्बखाली गेली असती" म्हणणाऱ्यांना माझा साधा प्रश्न. बॉम्ब कुणाचे होते? घराला आग लावायची, मग धुरातून कपाट बाहेर काढायचं, ते आपल्या घरात नेऊन ठेवायचं, आणि वर घरमालकानं आभार मानावेत म्हणायचं! चोर तो चोर, वर शिरजोर म्हणतात ते हेच.

मारिउपोलचं प्रकरण लहान वाटावं असं खेरसनला घडलं.

खेरसनचं कला संग्रहालय म्हणजे सुमारे १४ हजार कलाकृतींचा संग्रह. युद्ध सुरू झालं तेव्हा इमारतीचं दुरुस्तीचं काम चालू होतं. शहर रशियाच्या ताब्यात गेलं तेव्हा संचालक अलिना दोत्सेन्को यांनी सांगून टाकलं, दुरुस्तीमुळं संग्रह बाहेर हलवलाय, इथं काही नाही. प्रत्यक्षात सगळं त्याच इमारतीत होतं. ही थाप काही महिने टिकली. शेवटी आतल्याच माणसांनी फोडली. कुंपणच शेत खातं, ते तिथंही खातं.

१९ ऑक्टोबर २०२२ ला पुतीन यांनी ताब्यातल्या चार प्रांतांत मार्शल लॉ जाहीर केला. त्यात सांस्कृतिक वस्तू 'स्थलांतरित' करायची मुभा असते. ३१ ऑक्टोबर ते ४ नोव्हेंबर, पाच दिवस, खेरसनच्या संग्रहालयासमोर गाड्या लागल्या आणि चित्रं घाईघाईनं भरली गेली. १० हजारांवर कलाकृती गेल्या. शेजारचं प्रांतिक संग्रहालयही धुऊन नेलं. चौकातले पुतळे उचलले. चर्चच्या तळघरातून पोतेमकिन या अठराव्या शतकातल्या सरदाराच्या अस्थी काढून नेल्या. प्राणिसंग्रहालयातलं रकूनसुद्धा सोडलं नाही. हो, रकून! मांजराएवढं जनावर. त्याचंही 'सांस्कृतिक संरक्षण' झालं म्हणायचं.

आणि ११ नोव्हेंबरला युक्रेनचं सैन्य शहरात परत आलं. म्हणजे निघायचं नक्की झाल्यावर शेवटच्या दिवसांत हा उद्योग. भाडेकरू खोली सोडताना पंखे काढून नेतो ना, अगदी तस्सं.

गाड्या गेल्या कुठं? क्रिमियातल्या सिम्फेरोपोलला, 'ताव्रिदा मध्यवर्ती संग्रहालया'त. तिथं चित्रं उतरवतानाचे फोटो निघाले. त्या संग्रहालयाच्या संचालकांना पत्रकारांनी विचारलं, तेव्हा त्यांनी नाकारलं नाही. मार्शल लॉ लागल्यामुळं वस्तू तात्पुरत्या ठेवून घ्यायची आणि योग्य मालकाला परत देईपर्यंत सांभाळायची सूचना आहे, असं त्यांचं म्हणणं.

'तात्पुरत्या'. 'योग्य मालक'. हे दोन शब्द नीट लक्षात ठेवा.

कारण खेरसन प्रांत हा आमचाच, असं रशियानं आपल्या घटनेत लिहून घेतलंय. मग तिच्या लेखी योग्य मालक कोण, हे सांगायला ज्योतिषी नको. एकदा 'आमच्याच एका ठिकाणाहून आमच्याच दुसऱ्या ठिकाणी हलवलं' म्हटलं, की परत करायचा प्रश्नच उरत नाही.

याच ताव्रिदा संग्रहालयाची एक गंमत तुम्हाला सांगितलीच पाहिजे. २०१४ मध्ये क्रिमियातल्या चार संग्रहालयांनी आपल्याकडचं प्राचीन सोनं आणि इतर वस्तू ॲमस्टरडॅमच्या ॲलार्ड पिअरसन संग्रहालयात प्रदर्शनासाठी पाठवल्या होत्या. प्रदर्शन चालू असतानाच रशियानं क्रिमिया घेतला. आता वस्तू परत द्यायच्या कुणाला? युक्रेनला की क्रिमियाला? वाद कोर्टात गेला. ही चारही संग्रहालयं नेदरलँड्सच्या कोर्टांत जवळजवळ नऊ वर्षं भांडली. म्हणणं एकच: ज्या संग्रहालयातून वस्तू गेली, त्याच संग्रहालयात ती परत आली पाहिजे. जून २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल युक्रेनच्या बाजूनं दिला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये वस्तू कीवला पोचल्या.

त्या चार संग्रहालयांत एक होतं ताव्रिदा. म्हणजे बघा, एका हातानं कोर्टात अर्ज, 'जिथून वस्तू गेली तिथंच ती परत जाऊ द्या, मायबाप'. आणि दुसऱ्या हातानं खेरसनच्या गाड्या आत घ्यायच्या. स्वतःच्या वस्तूसाठी जे तत्त्व, ते शेजाऱ्याच्या वस्तूसाठी का नाही? कोर्टात मांडलेला स्वतःचाच मुद्दा त्यांनी खेरसनला लावला, तर उद्या सकाळी गाड्या उलट्या फिरायला पाहिजेत.

"मग युद्धात चित्रं हलवायचीच नाहीत का?" असा प्रश्न येईल. रास्त आहे. हलवायची. जरूर हलवायची. पण त्याची रीत आहे.

स्पेनमध्ये यादवी युद्ध चाललं होतं. १९३९ च्या फेब्रुवारीत प्रादो संग्रहालयाची चित्रं, वेलास्केझ, गोया अशा बड्यांची, सीमेपलीकडं न्यायची वेळ आली. आधी करार झाला. तिथल्या सरकारची सही झाली. चित्रं ट्रकनं फ्रान्समध्ये आणि रेल्वेनं जिनिव्हाला, राष्ट्रसंघाच्या ताब्यात गेली. तिथं पेट्या उघडून याद्या झाल्या. त्याच वर्षी चित्रं स्पेनला परत गेली. ज्या सरकारनं पाठवली होती ते तोवर हरलं होतं, तरी गेली. कारण चित्रं स्पेनची होती.

मी वर्षानुवर्षं पोलीस ठाणं आणि कोर्टाच्या बातम्या केल्यात. तिथं एक साधी गोष्ट शिकायला मिळते. पोलिसांनी मुद्देमाल घेतला तर पंचनामा होतो, यादी होते, ताबेपावती असते. यादीशिवाय आणि पावतीशिवाय जो माल उचलला जातो, त्याला ठाण्यातला हवालदारसुद्धा जप्ती म्हणत नाही. चित्रांनाही हेच तीन प्रश्न विचारा. मालकाला विचारलं का? यादी करून मालकाला दिली का? परत कधी, हे लिहून दिलं का? तिन्हीला 'हो' असेल तर संरक्षण. प्रादोच्या चित्रांना तिन्हीला 'हो' आहे. खेरसनला तिन्हीला 'नाही'. मारिउपोललाही.

आणि हा 'संरक्षणा'चा बहाणा नवा नाही, हे रशियाला इतर कुणापेक्षा जास्त माहीत आहे. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी सोव्हिएत संग्रहालयं आणि राजवाडे असेच रिकामे केले. १९४१ मध्ये त्सारस्कोये सेलोच्या राजवाड्यातली अख्खी अंबर रूम सोडवून नेली, ती आजतागायत मिळालेली नाही. नाझी कागदपत्रांत या कामाला लूट म्हणत नव्हते. 'सुरक्षित ताब्यात घेणं' म्हणत होते. या कारभाराचा म्होरक्या आल्फ्रेड रोझेनबर्ग न्यूरेंबर्गच्या कोर्टात हेच सांगत होता. त्याला १९४६ मध्ये फाशी झाली. त्याच्यावरच्या आरोपांत ही लूटही होती. आणि त्याचा न्याय करणाऱ्या बाकावर सोव्हिएत न्यायाधीशही बसले होते.

हीच सोव्हिएत राजवट १९५५ मध्ये ड्रेस्डेनच्या गॅलरीची नेलेली चित्रं पूर्व जर्मनीला परत करून मोकळी झाली होती. म्हणजे परत करणं जमतं. पुढं १९९८ च्या कायद्यानं रशियानं उरलेला बराचसा युद्धातला माल नुकसानभरपाई म्हणून आपल्या नावावर करून घेतला, तो भाग वेगळा. त्यात निदान 'जर्मनीनं आमचं जाळलं' हे म्हणायला जागा होती. खेरसननं रशियाचं काय जाळलं होतं?

आता नेहमीचे चार आक्षेप. एकेक घेतो.

पहिला: "तिथं माणसं मरताहेत आणि तुम्हाला चित्रांची पडलीय." माणसांची पडली आहेच. पण मला सांगा, गावावर पूर आला, माणसं गेली, आणि त्याच रात्री कुणी देवळातली मूर्ती पळवली, तर आपण 'माणसं गेलीत, मूर्तीचं काय एवढं' म्हणतो का? उलट जास्त चिडतो. मारिउपोलचे लोक आज देशोदेशी पांगलेत. घर नाही, गल्ली नाही. त्यांच्या गावच्या माणसानं काढलेला सूर्यास्त, एवढंच एक दाखवायला उरलं असतं, की हा बघ आमच्या गावचा चित्रकार. तेही नेलं. माणूस मारणं आणि त्याची खूण पुसणं ही दोन वेगळी कामं नाहीत, एकाच कामाचे दोन टप्पे आहेत.

दुसरा: "रशिया आपला जुना मित्र." मान्य. ७१ च्या युद्धात आपल्या पाठीशी उभा राहिला, कोण विसरलंय? २ मार्च २०२२ ला संयुक्त राष्ट्रांत मतदान झालं तेव्हा भारत तटस्थ राहिला. ते सरकारचं परराष्ट्र धोरण, तेल-शस्त्रास्त्रांची गणितं त्यांची त्यांना माहीत. पण तुम्ही आणि मी परराष्ट्र खात्यात नोकरीला नाही. मित्रानं शेजाऱ्याच्या घरातून भांडी उचलली तर गप्प बसणं एक वेळ समजू शकतो. "वाचवली रे बाबा तू भांडी" म्हणून टाळ्या वाजवायची सक्ती आपल्यावर कुणी केलीय?

तिसरा: "गोऱ्यांनी जग लुटलं तेव्हा कुठं होतात?" इथंच होतो आणि तेव्हाही लिहीत होतो. गोऱ्यांनी लुटलं, शंभर टक्के. जिंकणाऱ्यांच्या बाजूनं लढलेलेही धुतल्या तांदळासारखे नव्हते. शिकागोचं एक उदाहरण घ्या. दुसऱ्या महायुद्धात लढून आलेल्या एका अमेरिकन सैनिकानं जर्मनीतून एक निसर्गचित्र घरी आणलं. लाउटेरर नावाच्या अठराव्या शतकातल्या ऑस्ट्रियन चित्रकाराचं, इटलीच्या माळरानाचं. ते होतं बव्हेरियाच्या सरकारी चित्रसंग्रहाचं. तो संग्रह त्याच्या शोधात, आणि चित्र इकडं काकाची आठवण म्हणून घरात. २०२२ मध्ये वारसानं चोरीची चित्रं शोधणाऱ्या एका संस्थेला कळवलं, की आमच्याकडं असं असं चित्र आहे. आधी पैसेही मागितले. संस्थेनं सांगितलं, चोरीच्या मालाला आम्ही पैसे देत नसतो. शेवटी ऑक्टोबर २०२३ मध्ये शिकागोतल्या जर्मन वकिलातीत चित्र परत झालं. म्हणजे पाऊणशे वर्षांवर काळ लोटला, तरी लुटीचं चित्र लुटीचंच राहिलं. आणि युद्ध हरलेल्या, खुद्द गुन्हेगार ठरलेल्या जर्मनीचं असूनही ते परत गेलं. गोऱ्यांनी लुटलं म्हणून रशियानं लुटावं हा मुद्दा धरायचा, की गोऱ्यांना परत करावं लागतं म्हणून रशियानंही करावं हा? तुम्ही ठरवा.

चौथा आक्षेप जरा हुशार लोकांचा: "कुइंजी तर रशियन चित्रकारच म्हणून ओळखला जातो. रशियाचं रशियाकडं गेलं." मेट्रोपॉलिटननं २०२३ मध्ये त्याच्या पाटीवरचं 'रशियन' बदलून 'युक्रेनियन' केलं, ते बाजूला ठेवू. पाटीवरून भांडण नको. मी तुम्हाला आपल्या देशातलं उदाहरण देतो. या कुइंजीचा एक विद्यार्थी होता, निकोलाय रोरिख. तोच, हिमालयाची निळी-जांभळी शिखरं रंगवणारा. जन्म पीटर्सबर्गचा, शिक्षण कुइंजीच्या हाताखाली, पण शेवटी कुलू खोऱ्यात नग्गरला येऊन राहिला आणि १९४७ मध्ये तिथंच वारला. भारत सरकारनं रोरिखची चित्रं राजा रविवर्मा, अमृता शेरगिल यांच्या रांगेत 'कलानिधी' ठरवली आहेत. देशाबाहेर नेता येत नाहीत. आता उद्या कुणी सैन्य घेऊन कुलूला आलं आणि म्हणालं, "रोरिख आमचा, चित्रं आमची," तर देऊ का आपण? चित्रकाराचा जन्म कुठला, बोली कुठली, यावर चित्राची मालकी ठरत नसते. ते कुणाच्या संग्रहात, कुणाच्या नोंदीत आहे, यावर ठरते. सात-बारा ज्याच्या नावावर, जमीन त्याची. शेतात गाणं कोणत्या भाषेत म्हटलं जातं, हे तलाठी विचारत नाही.

कायदाही हेच सांगतो, आणि त्या कायद्यावर रशियाची सही आहे. १९०७ च्या हेग नियमांत शत्रूच्या मुलखातल्या कलाकृती ताब्यात घ्यायला बंदी आहे. १९५४ च्या हेग करारात संग्रहालयं लुटायला बंदी आहे. त्याच करारासोबतचा पहिला मसुदा आणखी पुढं जातो: व्यापलेल्या मुलखातून सांस्कृतिक वस्तू बाहेर जाऊ द्यायच्या नाहीत, गेल्या तर लढाई संपल्यावर परत करायच्या, आणि युद्धाची भरपाई म्हणून कधीच ठेवून घ्यायच्या नाहीत. मालकानं स्वतःहून सुरक्षिततेसाठी दिलेली वस्तूसुद्धा शेवटी परत द्यायची आहे. मग न विचारता नेलेलीचं काय?

आणि हा भाग खास आपल्यासाठी. भारत १९५८ पासून या कराराचा आणि पहिल्या मसुद्याचा भागीदार आहे. त्यात लिहिलंय, की व्यापलेल्या मुलखातून थेट किंवा आडवळणानं आपल्या देशात आलेली अशी वस्तू सरकारनं ताब्यात घ्यायची. म्हणजे खेरसनचं एखादं चित्र हातोहात फिरत उद्या मुंबईच्या एखाद्या लिलावात किंवा दिल्लीच्या एखाद्या बंगल्यात आलं, तर ते धरणं ही आपल्या सरकारची जबाबदारी आहे. "तिकडचं भांडण, आपल्याला काय" म्हणणाऱ्यांनी हे वाचावं. आपण लिहून दिलंय.

आता थोडं आपल्या घरातलं बोलू.

जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून वाघनखं साताऱ्यात आली. केवढा जल्लोष झाला! ती नक्की तीच का, यावर वाद झाला, तो इतिहासकारांवर सोपवू. पण कागदावर काय होतं? तीन वर्षांसाठी उसनी. तीन वर्षांनी परत. तेव्हा आपल्यातला प्रत्येक जण म्हणत होता, "आपलीच वस्तू आपल्याला उसनी?" २०२५ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावात निघाली. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर इंग्रजांनी नेली असावी, असं मानलं जातं. राज्य सरकारला ती सुमारे ४७ लाख रुपये मोजून घ्यावी लागली. ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली तेव्हा आपण मिरवणूक काढली. आनंद मलाही झाला. पण पोटात खुपलंच, की आपल्याच तलवारीची किंमत आपणच मोजायची?

हे जे खुपतं ना, तेच खेरसनच्या माणसाला खुपतंय. आपल्याला दोनशे वर्षांनी खुपतं. त्याची तर जखम ओली आहे. इंग्रजही म्हणत आलेत, "आम्ही नेलं म्हणून टिकलं, तुमच्याकडं राहिलं असतं तर मातीत गेलं असतं." हे ऐकल्यावर आपलं डोकं फिरतं. मग तेच वाक्य खेरसनच्या माणसाला आपण कोणत्या तोंडानं ऐकवतो? लंडनला एक माप आणि सिम्फेरोपोलला दुसरं, असं चालणार नाही. माप एकच ठेवा, नाहीतर वाघनखांसाठी पुन्हा गळा काढू नका.

शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यात कामाचा.

खेरसनचे लोक आज हातावर हात ठेवून बसलेले नाहीत. त्यांच्या संग्रहाची नोंद, फोटोंसकट, वाचली. चित्रं गेली पण यादी हाताशी राहिली. सिम्फेरोपोलहून एखादा फोटो किंवा प्रचाराचा व्हिडिओ बाहेर आला, की हे लोक मागच्या भिंतीला टेकवलेल्या चित्रांचे कोपरे मोठे करून बघतात, नोंदीशी ताडतात आणि जाहीर करतात, 'हे आमचं. अमुक चित्रकार, अमुक चित्र.' असं करत शंभरावर चित्रं त्यांनी ओळखून काढलीत. उद्या पाच वर्षांनी म्हणा, पन्नास वर्षांनी म्हणा, कोर्टात उभं राहायची वेळ आली तर पुरावा तयार आहे. शिकागोचं चित्रही नोंद होती म्हणूनच परत गेलं.

आता मला सांगा, आपल्या जिल्ह्यातल्या, संस्थानांच्या, नगरपालिकांच्या, जुन्या वाचनालयांच्या ताब्यातल्या चित्रांची आणि मूर्तींची फोटोसकट यादी कुठं बघायला मिळते का? युद्ध सोडा. एक शॉर्ट सर्किट, एक पूर, एक दुरुस्तीचं कंत्राट पुरेसं आहे. वस्तू गेली तर 'गेली' एवढं तरी सिद्ध करता येईल का? तुमच्या गावात असा संग्रह असेल तर पुढच्या आठवड्यात जा आणि विचारा: नोंदवही आहे का, फोटो आहेत का, शेवटची मोजणी कधी झाली? उत्तर मिळालं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, दहा रुपयांचा प्रश्न आहे. ज्याला मसुदा पाहिजे त्यानं इनबॉक्समध्ये या, मी लिहून देतो.

आणि यापुढं 'रशियानं चित्रं वाचवली' असा फॉरवर्ड आला तर पुढं ढकलण्याआधी ते तीनच प्रश्न विचारा. मालकाला विचारलं होतं का? यादी दिली का? परत कधी देणार?

मॉस्कोतल्या त्या गड्यालाही कोर्टात हे विचारलं असतं तर त्याच्याकडं तिन्हीचं उत्तर नव्हतं. म्हणून तो तीन वर्षं आत गेला. आणि आठवा, त्यानं उचललेलं चित्र क्रिमियातल्या डोंगराचं होतं. ज्यांनी पाच वर्षं आधी तो डोंगरच घेतला होता, त्यांच्याच कोर्टानं डोंगराचं चित्र उचलणाऱ्याला चोर ठरवलं.

निकाल बरोबरच होता. फक्त तो सगळ्यांना लागू करा, एवढंच म्हणणं आहे.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर खाली मुद्द्यानं लिहा, उत्तर देईन. नुसत्या शिव्या दिल्या तर मात्र उडवणार, आधीच सांगतो.